पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

ज्या कामावर कुणीतरी पुस्तक लिहून ठेवलं आहे, ते काम माणसाला करता आलंच पाहिजे, असं मिसुझुचं ठाम मत होतं. योनागोच्या ग्रंथालयात वीस वर्षं काढल्यावर माणसाचं असं मत होतंच. याच मताच्या जोरावर तिने एकदा भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं आणि एकदा शिवणयंत्र. दोन्ही वस्तू पुन्हा कधी चालल्या नाहीत. पण तो दोष पुस्तकांचा होता. ती जुन्या आवृत्तीची निघाली. म्हणून वडील गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या, म्हणजे अस्थी थडग्यात ठेवायच्या, दिवसाच्या आत त्यांच्या गाडीचे चारही शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगा आपण अंगणातच बदलून टाकू, असं तिने जमलेल्या नातेवाइकांना सांगितलं, तेव्हा ती गंमत करत नव्हती.

नातेवाईक तेव्हा जेवत होते. शिगेओकाकांच्या काड्यांमधला मुळ्याचा तुकडा निसटून पुन्हा रश्श्यात गेला.

गाडी म्हणजे फार काही नव्हे. लहान गाड्यांना लावतात त्या पिवळ्या पाटीची, बुटकी, पांढरी, मागची बाकं काढून टाकलेली. मिसुझुचे वडील तोकुजी टोफू करत, पाण्याच्या टबांत सोडत, आणि या गाडीतून खोऱ्यातल्या वस्त्यांना पोचवत. टोफूला धक्का चालत नाही. त्यामुळे तोकुजी गाडी अशा बेताने हाकत की मागून येणारे शेतकरी नमस्कार करून ट्रॅक्टर पुढे काढत. मग ते आजारी पडले आणि गाडी पर्सिमनच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. फळं तिच्यावर पडत, पानं पडत, बर्फ पडे आणि वितळे. दोन हिवाळ्यांत ती पुढच्या गुडघ्यांवर बसली, थकलेली गाय बसते तशी.

दहनगृहातून अस्थी घरी आणल्या त्या याच गाडीतून. मिसुझु चालवत होती. आई, किनुए, शेजारी बसली होती आणि पांढऱ्या कापडात बांधलेला कलश तिच्या मांडीवर होता. दर खड्ड्याला गाडी दाणकन खाली बसायची आणि कलशाच्या आत खडखड व्हायचं. वळणावर घसरगुंडी, पुलावर खडखड, पुन्हा खड्डा. घर येईपर्यंत दोघींपैकी कुणी काही बोललं नाही.

म्हणून पहिल्या सातव्या दिवशी, म्हणजे दर सात दिवसांनी सात वेळा होणाऱ्या सूत्रपठणांपैकी पहिलं उरकून जेवायला बसल्यावर शिगेओकाकांनी पुढचा बेत मांडला तेव्हा गाडीचा विषय निघालाच. काका म्हणजे तोकुजींचे धाकटे भाऊ. सगळ्या घरात बेत मांडायचं काम त्यांच्याकडे. एकोणपन्नासाव्या दिवशी टेकडीवरच्या देवळात जायचं, गवंडी थडग्याचा दगड सरकवून ठेवील, भिक्षू सूत्र म्हणतील, अस्थी आत ठेवायच्या, आणि सगळ्यांनी काकांच्या नव्या सात माणसांच्या गाडीतून एकत्र जायचं. सीट इतक्या मऊ, की मागच्या आठवड्यात काकूंना त्यात झोप लागली होती.

आईने वाटी खाली ठेवली.

"ते तुमच्या गाडीत जिवंतपणी कधी बसले नाहीत, भावजी."

हे खरं होतं. दोघा भावांचं काही वर्षांपासून बोलणं नव्हतं. कारण काय होतं ते शेवटी शेवटी दोघांनाही नीट सांगता येत नव्हतं, आणि त्यामुळे मिटवताही येत नव्हतं. काकांनी मुळ्याकडे बघितलं.

"स्वतःच्या गाडीतून जातील," आई म्हणाली. "पण अशा गाडीतून नाही. एवढी वर्षं टोफू अख्खा पोचला, आणि हे काय आदळत आपटत जायचे? गाडी नीट होऊ दे. मग नेऊ."

हिसानोआत्याने, म्हणजे तोकुजींच्या थोरल्या बहिणीने, मान डोलावली. आत्याने मान डोलावली की खोऱ्यात तो कायदा होई. पण खालच्या गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला की बर्फाचे टायर घालून घ्यायला सगळा तालुका रांगेत उभा आहे, स्वतःच्या आईची गाडी आली तरी महिनाभर हात लावता येणार नाही. आणि मग मिसुझुने आपलं मत जाहीर केलं.

काकांनी विचारलं, यापूर्वी गाडीचं काय काय केलंय? मिसुझु म्हणाली, काच पुसली आहे. आत्या म्हणाली, ही बाई रजा घेऊन आली आहे की सूड घ्यायला?

आई तेवढी शांत होती. "होईल तुझ्याने?" तिने विचारलं.

"पुस्तक आहे, आई. चित्रांसकट."

"मग कर. घाई मात्र करू नकोस." असं म्हणून आईने, अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच, दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. मिसुझुला फार बरं वाटलं. आपल्यावर कुणाचा तरी विश्वास आहे, असं तिला वाटलं. ते घड्याळ आणि ते शिवणयंत्र दोन्ही आईचीच होती, हे त्या क्षणी तिच्या ध्यानात आलं नाही.

सामान आलं ते नेमकं दुसऱ्या सातव्या दिवशी, सूत्र चालू असताना. चार लांब खोकी आणि चार आखूड. दारात आत्या होती. घरात दुःख असताना दाराशी जे येतं ते गेलेल्या माणसासाठी येतं, एवढं आत्याला कळत होतं. तिने सगळी खोकी उचलून अस्थिकलशापुढे रचली, वर उदबत्ती लावली आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचून, कोण बाई हे लोक, फार मोठ्या मनाचे दिसतात, असं म्हणाली. मिसुझुने खुलासा करेपर्यंत भिक्षूंचा खोक्यांना नमस्कार करून झाला होता.

खोकी लगेच उचलायला आईने नको म्हटलं. एकदा पुढे ठेवलं ते ठेवलं, त्यांना नीट बघू दे. त्यांना सामान नीट बघून घ्यायची सवय होती. त्यामुळे पुढचा आठवडाभर तोकुजींच्या हसऱ्या फोटोसमोर, संत्री आणि भाताच्या वाटीशेजारी, चार शॉकॲब्सॉर्बर उभे होते. आई सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावरची धूळ पुसायची. मिसुझु रोज विचारायची, झालं का बाबांचं बघून? आई म्हणायची, अजून नाही.

शेवटी तिने मागच्या चाकांचं सामान मागून घेतलं, कारण पुस्तकात लिहिलं होतं की मागचं काम सोपं असतं. आणि ते खरंच सोपं निघालं. गाडी जॅकवर उचलली, लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाकं काढली, दोन बोल्ट सोडले, मागचा सांगाडा खाली आला आणि जुनी स्प्रिंग आपोआप हातात पडली, हलणारा दात पडावा तशी. नवी बसवली, शॉकॲब्सॉर्बरही बदलले. सगळं मिळून एक दुपार. मिसुझुने हात धुतले ते अशा थाटात, की शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, गाडीला मुलगा झाला की मुलगी?

आईने खिडकीतून पाहिलं. "झालं?" तिने विचारलं.

"अर्धं झालं."

"अरे वा," आई म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.

पुढच्या बाजूने मात्र तिला जमिनीवर आणलं. पुढचा शॉकॲब्सॉर्बर चाकाच्या मुळाशी दोन मोठ्या बोल्टांनी धरलेला असतो. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते मीठ एकोणीस हिवाळे त्या बोल्टांवर बसलं होतं. बोल्ट आणि नट आता दोन वस्तू राहिल्या नव्हत्या. त्यांचा संसार झाला होता. मिसुझुने तेल घातलं, हातोडी मारली, पान्याला लांब पाइप लावला, पाइपवर उभी राहिली आणि उड्या मारू लागली. सुतकाच्या काळ्या स्वेटरमध्ये, रिमझिम पावसात, प्रौढ बाई पाइपवर उड्या मारते आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्या दोघींनी पाहिलं आणि त्या छत्र्या खाली करून, काही न बघितल्यासारखं करून गेल्या. त्या वस्तीत दुःखाला फार मान आहे.

"नाही निघत तर राहू दे गं," आई पडवीतून म्हणाली. आवाजात अशी काही माया होती की मिसुझुला चेव आला. तिने शेवटची उडी मारली. बोल्ट सुटला, पाइप सुटला, आणि ती मुळ्याच्या वाफ्यात पाठीवर पडली. आकाश राखाडी होतं. तिथे पडल्यापडल्या तिला वाटलं की बाबा आत्ता दार उघडून बाहेर येतील, काही विचारणार नाहीत, फक्त मोडलेले मुळे गोळा करतील. कुणी बाहेर आलं नाही. मग तीच उठली आणि मुळे गोळा केले.

त्यानंतर एक नट हरवला. बॉनेटच्या आत, वरच्या बाजूला तीन नट असतात. ते तिने मोजून बशीत ठेवले होते. दुपारी बशीत दोन होते. तिने अंगण चाळलं, वाफा चाळला, पर्सिमनची पानं एक एक करून उलटली. संध्याकाळी दिवा लावायला गेली तेव्हा नट सापडला, कलशापुढच्या भाताच्या वाटीत, भातावर खारवलेलं आंबट आलुबुखार ठेवावं तसा मधोमध.

आई म्हणाली, त्यांना दाखवायला ठेवला होता. विसरलेच परत द्यायला.

"एकच का नेलास?"

"तिन्ही नेले तर तुझ्या लक्षात आलं असतं," आई म्हणाली, आणि लगेच सुधारलं, "म्हणजे तुझी अडचण झाली असती."

आईचं वय झालं, दुःखाने माणूस भ्रमिष्ट होतो, असं मिसुझुने मनाशी म्हटलं आणि तिचा ऊर भरून आला. उरलेल्या वस्तू तिने कुलूप लावून ठेवल्या.

आता उरलं होतं ते सगळ्यात अवघड काम. स्प्रिंग दोन लांब आकड्यांच्या स्क्रूंमध्ये धरून दाबायची, आखडून लहान करायची, नव्या शॉकॲब्सॉर्बरवर चढवायची, वरून नट आवळायचा आणि मग हळूहळू मोकळी सोडायची. पुस्तकात या पानावर कवटीचं चित्र होतं. उजवी बाजू तिने श्वास रोखून पुरी केली. डावी बाजू पुरी करताना ती जरा जास्तच खूश होती. चाकं लावली, गाडी घोड्यांवरून उतरवली, मागे सरून पाहिलं. गाडी डावीकडून वर उचललेली होती, एखाद्याने संशयाने भुवई उंचवावी तशी. सुकाणू फिरवलं की पुढून 'टँग' असा आवाज यायचा. तिने वाकून पाहिलं. स्प्रिंगवर पांढऱ्या रंगात अंक छापलेले होते आणि ते सगळे डोक्यावर उभे होते. तिने स्प्रिंग उलटी बसवली होती.

तिच्यामागे आत्या उभी होती.

आत्याच्या नजरेतून काही सुटत नाही. तिनेही वाकून पाहिलं, अंक पाहिले, मिसुझुकडे पाहिलं, आणि तिचा सुरकुतलेला चेहरा एकदम हळवा झाला. मरणाच्या घरात सगळं उलट करायचं असतं. आंघोळीला थंड पाण्यात गरम ओतायचं, अंगावरचं वस्त्र उलट्या बाजूने गुंडाळायचं, उशाशी पडदा उभा करायचा तो डोकं खाली करून. हल्लीच्या मुलांना यातलं काही माहीत नसतं. आणि ही पोर, शहरात राहिलेली, पुस्तकं वाचणारी, हिने न सांगता बापाच्या गाडीची स्प्रिंगसुद्धा उलटी घातली.

"तोकुजीने मुलीला वळण लावलं बाई," आत्या म्हणाली, आणि तिने रुमाल काढला.

मिसुझुने खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण आत्या गेल्या सगळ्या आठवड्यांत पहिल्यांदाच रडत होती. म्हणून ती गप्प बसली. हीच चूक झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन म्हाताऱ्या आल्या. त्यांनी अंगणात ओळीने उभं राहून पुढच्या डाव्या चाकाला नमस्कार केला. एकीने टायरशेजारी दोन संत्री ठेवली. दुपारी आणखी दोघी आल्या आणि त्यातली एक, जिचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला होता, तिने हळूच विचारलं की आमच्या ट्रॅक्टरचं आता काही करता येईल का? संध्याकाळी आत्या स्वतः आली आणि म्हणाली, हिशोब अर्धा ठेवू नये. उजवी बाजूही उलटी कर, आणि मागच्या दोन्ही. मिसुझु म्हणाली, बघते. त्या रात्री तिने जेवताना आईला सांगून टाकलं, की ती स्प्रिंग चुकून उलटी बसली आहे, तशी गाडी रस्त्यावर नेली तर वळणावर जीव जाईल.

"मग नेऊ नकोस ना," आई पटकन म्हणाली.

"सरळ करते मी, आई. काळजी करू नकोस."

आई काळजी करतच राहिली.

सरळ कधी करायची हा प्रश्न होता, कारण आत्या दिवसभर अंगणावर नजर ठेवून असे. ती जागची हलणार नाही अशी एकच वेळ होती: सहाव्या सातव्या दिवसाचं सूत्रपठण. भिक्षू बसले, घंटा वाजली, काका-काकू, आत्या, आई सगळे गुडघ्यांवर बसले. मिसुझुने उदबत्ती लावली, नमस्कार केला, आणि चहाचं बघते असं पुटपुटून मागच्या दाराने बाहेर गेली. चाक काढलं. शॉकॲब्सॉर्बर काढला; बोल्ट आता ओळखीचे झाले होते. स्प्रिंगला आकडे लावले आणि आवळायला सुरुवात केली. आतून सूत्राचा एकसुरी आवाज येत होता. त्या लयीत तिचा पाना फिरत होता, आणि फिरता फिरता तिला बाबांचा तो आवाज आठवला, पहाटे सोयाबीन दळताना ते असंच काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हणत. काय म्हणत ते कुणी कधी विचारलं नव्हतं. एक बाजू जास्त आवळली गेली हे तिला कळलं नाही.

आकडा निसटला. स्प्रिंग तिच्या कानाजवळून गेली, पावसाच्या पाण्याच्या लोखंडी पिंपावर आदळली, त्या पिंपाने देवळाच्या मोठ्या घंटेसारखा नाद केला, आणि मग ती स्प्रिंग दगडी पायऱ्यांवरून उड्या मारत खालच्या पाटात गेली.

आत सूत्र अर्ध्या श्वासापुरतं थांबलं. मग भिक्षूंनी ते एक पट्टी वरून पुढे चालू केलं. आत्याचा आवाज आला, अगदी शांत: "तोकुजी आला." आणि सगळ्यांनी कपाळं जमिनीला टेकली असावीत, कारण बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही.

आली ती एकटी आई, अनवाणी. तिने मिसुझुचे दोन्ही हात धरले, बोटं एकेक करून पाहिली, कान पाहिला.

"एक गेलंय घरातून, तेवढं पुरे," ती म्हणाली.

"लागलं नाही, आई."

आईने तिचे हात सोडले नाहीत. पाटाकडे बघत तिने विचारलं, "आता नाही ना होणार हे?" आणि हे विचारताना तिचा चेहरा असा उजळलेला होता, की मिसुझुला वाटलं, आपल्याला धीर द्यायला ती हसते आहे.

"होईल, आई. आजच्या आज होईल."

"हो का," आई म्हणाली. तिने हात सोडले, तळवे पुसले आणि आत गेली.

पाटातून स्प्रिंग काढून, धुऊन, मिसुझुने ती त्याच दिवशी सरळ बसवली. छापलेल्या अंकांवर काळा रंग फासला, म्हणजे आत्याला उलटंसुलटं कळू नये. सुकाणू फिरवून पाहिलं. आवाज नाही. गाडी चारी पायांवर सारखी उभी होती. तिने ती वस्तीभर फिरवून आणली, मुद्दाम खड्ड्यांतून, आणि परत आली तेव्हा तिला जे वाटत होतं ते कुणाला सांगावं हे तिला कळेना. ज्याला सांगायचं तो माणूस फोटोत हसत होता. तिने त्यालाच सांगितलं. आई शेजारी बसून वाटीतला भात बदलत होती.

एकोणपन्नासावा दिवस पावसाचाच निघाला. काका, काकू, आत्या आणि बाकीचे आधीच टेकडीवर गेले होते. आईने काळा किमोनो नेसायला इतका वेळ लावला, की मिसुझु तीनदा दारात जाऊन आली. पट्टा एकदा बांधून सोडला, पुन्हा बांधला. मग आईने कलश उचलला, सगळ्या खोल्यांतून एकदा फिरवला, टोफूच्या खोलीत जरा जास्त वेळ थांबली, आणि गाडीत येऊन बसली.

गाडी निघाली. पहिला खड्डा आला आणि गेला. दुसरा आला. गाडी पाण्यावरून बदक सरकावं तशी सरकत होती. मिसुझु वाट बघत होती की आई काहीतरी म्हणेल. आई पुढे बघत नव्हती, बाजूलाही बघत नव्हती. तिने मान जराशी वाकवून कान मांडीवरच्या पांढऱ्या कापडाजवळ नेला होता. पूल आला. पुलाच्या तोंडाशी रस्ता चांगला हातभर खचलेला आहे. गाडी खाली गेली, वर आली, आणि पूल मागे पडला.

"काहीच बोलत नाहीत गं," आई म्हणाली.

मिसुझुला आधी कळलंच नाही.

"त्या दिवशी येताना घरापर्यंत बोलत होते. वळण आलं की बोलायचे, पूल आला की बोलायचे. आज एक शब्द नाही." तिने कापडावर तळवा ठेवला. "तू छान केलीस गाडी. मला वाटलं नव्हतं, तुझ्याने होईल."

मिसुझुने गाडी कडेला घेतली. काच पुसणारे दांडे इकडून तिकडे जात होते. दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात, धूळ पुसलेले शॉकॲब्सॉर्बर, भातातला नट, पाटाकडे बघताना उजळलेला चेहरा, हे सगळं तिला ओळीने दिसलं. एवढी पुस्तकं वाचून तिला आईचं 'गाडी नीट होऊ दे, मग नेऊ' हे एक वाक्य वाचता आलं नव्हतं. वर टेकडीवर दगड सरकवून ठेवलेला होता. भिक्षू तयार होते. सगळे थांबले होते.

"आई, आवाज येतोय," ती म्हणाली.

"कसला?"

"पुढून. डाव्या चाकातून. नीट बसलेलं नाही."

आईने तिच्याकडे बघितलं.

"मला नाही ऐकू आला," ती सावकाश म्हणाली.

"तुला नाही येणार. ते कळावं लागतं. अशा गाडीतून वर न्यायचं म्हणजे... बाबांना आवडणार नाही. सगळं उघडून पुन्हा बघावं लागेल."

"वेळ लागेल?"

"लागेलच."

आईने कलश दोन्ही हातांनी जवळ ओढला.

तेवढ्यात समोरून काकांची सात माणसांची गाडी उतरत आली आणि थांबली. काका काळ्या सुटात, छत्री उघडायचीही न थांबता खाली उतरले. वर दगड उघडा पडलाय, आत पाऊस जातोय, भिक्षूंचा दुसरा चहा संपला, आणि या दोघी रस्त्याच्या कडेला देखावे बघत बसल्यात, असं ते लांबूनच बोलत आले. मिसुझुने काच खाली करून आवाजाचं सांगितलं.

"उतर," काका म्हणाले. "मी बघतो."

ती उतरली. तोकुजींच्या जागेवर मिसुझु पाठीशी जाड उशी घेऊन बसत असे. काकांनी ती उशी मागे टाकली आणि बसले. सीट पुढे-मागे करावी लागली नाही. दोघा भावांची उंची एकच होती. सुकाणूवर हात ठेवल्यावर काका क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी गाडी वळवली.

मिसुझु काकांची छत्री घेऊन पावसात उभी राहिली. गाडी पुलावरून गेली, पलीकडे वळली, पुन्हा पुलावरून आली. खचलेल्या जागी काकांनी मुद्दाम वेग वाढवला. ओल्या रस्त्यावरच्या टायरांचा तेवढा आवाज आला. दुसरा काही नाही. आत आई काकांच्या तोंडाकडे बघत होती, डोळ्यांची पापणी न लवता, आणि कलश तिने लहान मुलाला धरावा तसा धरला होता.

गाडी मिसुझुसमोर येऊन थांबली. काका लगेच उतरले नाहीत. गॅरेजवाल्यापासून गवंड्यापर्यंत सगळ्यांना खडे बोल सुनावणारा तो माणूस सुकाणूकडे बघत बसला होता. मग त्यांनी काच खाली केली.

"येतोय," ते म्हणाले.

आईने डोळे मिटले.

"चांगला मोठा येतोय. वहिनी, अशा गाडीतून दादाला वर नेता येणार नाही. आता बर्फ पडेल. वसंतात बघू, नाहीतर ते पालिकेचे दिवाळखोर रस्ता नीट करतील तेव्हा बघू. काय घाई आहे? मी सांगतो वर जाऊन, दगड लावून घ्या म्हणून." आणि मग ते मिसुझुकडे वळले, आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आणि तू. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. शॉकॲब्सॉर्बर म्हणजे काय ग्रंथालयातलं कपाट आहे का? देवळात सगळे विचारणार, तेव्हा काय सांगू? पोरीने बापाची गाडी बिघडवून ठेवली म्हणून सांगू?"

गाडीत आवाज नव्हता. सुईच्या टोकाएवढाही नव्हता. चारी चाकं, एकूण एक बोल्ट, एकूण एक नट, सगळं जिथल्या तिथे, पुस्तकात आहे तसं होतं. हे मिसुझुच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"चुकलंच माझं, काका," ती म्हणाली.

त्यांनी छत्री घेतली आणि ते वर गेले. ती गाडीत बसली, उशी पाठीशी घेतली, आणि आईला आणि बाबांना घेऊन घरी निघाली. आयुष्यात उघडलेली एक तरी वस्तू तिने नीट बंद केली होती, आणि आता ते कुणाला सांगायची सोय नव्हती.